दोन सूत कललेलं दार

सर, तुमच्यासाठी मी माझ्या हातानं काय काय केलं ते आधी लिहून काढतो. एक होडी, साडेनऊ फुटी, खाली हातगाडीची चाकं. दुसरी होडी अर्धीच, कारण उरलेली अर्धी धुक्यात आहे असं तुम्ही म्हणालात. एक विहीर, रहाटासकट. पाणी नव्हतं, पण ओढणाऱ्याला वजन लागायचं, कारण दोरीच्या टोकाला मी विटा बांधल्या होत्या. मीठ ओढायची लांब दांड्याची तीन फावडी. मिठाचा एक ढीग, आत पेट्यांच्या फळ्या आणि वर चुना मारलेलं गोणपाट. त्यावर दोन माणसं उभी राहिली तरी तो दबला नाही. सरपंचाची खुर्ची, तिचा एक पाय तुमच्या सांगण्यावरून पाव इंच आखूड, म्हणजे बसणारा निवांत बसणार नाही. एक पाळणा. एक देव्हारा, आतून न रंगवलेला. आणि एक दार, सहा फूट दोन इंच उंच, अडीच फूट रुंद, चौकटीसकट, कडीसकट. यादीत काही राहिलं असेल तर एकच वस्तू राहिली आहे, आणि तीही विसरलो म्हणून नाही. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

ही यादी आत्ता करायचं कारण म्हणजे गेल्या रविवारी तुमचा लाडका विद्यार्थी घरी येऊन गेला. मिठागराच्या नाटकात मुलगा झाला होता तो. आता मालिकांमध्ये वडिलांची कामं करतो. करंजाड्यात माझ्या गेटसमोर त्याची गाडी थांबली तेव्हा समोरच्या सोसायटीतल्या बायका गॅलरीत आल्या होत्या. त्याला आपलं नाटक पुन्हा करायचंय, मुंबईत, मोठ्या थिएटरात. त्याला ते दार हवंय, आणि दारासोबत मी. मी नाही म्हटलं. का, ते त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण त्यातलं अर्धं तुम्हाला आधीच माहीत आहे.

आपली पहिली भेट आमच्या गावच्या जत्रेतली. गाव तेव्हा जागेवर होतं. आता तिथं विमानतळ आहे आणि गावाच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर मी बसलोय. शाळा मी नववीत सोडली. सुतारकी मला कुणी शिकवली नाही. तळोज्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागलो, पेट्या ठोकायला, आणि पेट्या ठोकता ठोकता लाकूड कळायला लागलं. जत्रेतल्या नाटकासाठी मी टाकून दिलेल्या पेट्यांच्या फळ्यांची होडी केली होती. नाटक संपल्यावर सगळे समोरून बघून वाहवा करत होते. तुम्ही एकटे वळसा घालून मागे गेलात, वाकलात आणि सांध्यांवरून अंगठा फिरवलात. पाहुणे म्हणून बोलावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस गुडघ्यावर बसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"कुणी केलं हे?" तुम्ही विचारलंत.

"आमचाच पोर हाय," माझा चुलता म्हणाला. "कंपनीत पेट्या ठोकतो. याला दुसरं काय येत नाय."

"मग बरंय," तुम्ही म्हणालात. "ज्याला दुसरं येतं तो काम अर्ध्यात टाकून जातो."

मी चोवीस वर्षांचा होतो. मागून बघणारा माणूस मला तोपर्यंत भेटला नव्हता. दुसऱ्याच दिवशी पहिली पाळी संपवून, अंगावरचा भुसा तसाच घेऊन मी पनवेलला तुमच्या तालमीला आलो.

तालीम बंद पडलेल्या भातगिरणीत. तुम्ही हायस्कुलात चित्रकला शिकवत होता आणि शाळा सुटली की तिथं यायचा. कितीही झाडलं तरी फरशीच्या भेगांतून तूस वर यायचं, आणि रडायच्या प्रसंगात कुणी ना कुणी शिंकायचंच. पहिला दीड महिना नेपथ्य नाही, हा तुमचा नियम. जमिनीवर फक्त खडूच्या रेघा. भिंत कुठं, दार कुठं, चूल कुठं, हे मी टेपनं मोजून आखायचं, आणि मग त्या रेघा सगळ्यांनी खऱ्या मानायच्या. कुणी चुकून रेघ ओलांडली की तुमची काठी आपटायची. "भिंतीतून आलास. मेलास कधी? आम्हाला कळवलंही नाहीस." त्या बिचाऱ्याला मग परत जाऊन दारातून यावं लागायचं, भले वाक्य पहिल्यापासून म्हणावं लागो. मला वाटायचं, हा काय पोरखेळ. दीड महिन्यानं कळलं की रेघांच्या जागी मी खऱ्या भिंती उभ्या केल्या तेव्हा एकाही नटाला त्या नव्या वाटल्या नाहीत. त्यांचे हात न बघता कडीवर जायचे. कडी तीन फूट तीन इंचावर होती, कारण आईचं काम करणाऱ्या मावशींचा हात तिथं जायचा.

तळ्याजवळच्या तुमच्या दोन खोल्यांत तर मी तालमीपेक्षा जास्त शिकलो. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाट्या आणि पेले मांडायचा. पेला म्हणजे आई, वाटी म्हणजे मुलगा, लाटणं म्हणजे भिंत. काकू ओट्यापाशी उभ्या राहून भाकऱ्या थापत असायच्या. एकदा तुम्ही पाऊण तास एकच वाटी पुढेमागे सरकवत होता. काकू मागे वळून म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं घरातून निघणं ठरलं असेल तर ती वाटी द्या. आमटी वाढायचीय." तुम्ही वाटी दिलीत आणि तिच्या जागी चमचा ठेवलात. मी हसलो. तुम्ही नाही हसलात. चमच्याकडे बघून म्हणालात, "हे बघ, हा जातो. ती दार ओढून घेते. कडी लावत नाही, कुठली आई लावेल? पण दार लागतं. बस. अंधार."

तेव्हा मला ते फार साधं वाटलं होतं.

मावशी तुम्हाला मासळीबाजारात सापडल्या. तीन दुकानं पलीकडून त्यांची हाक ऐकू आली म्हणून तुम्ही पापलेट न घेता त्यांनाच घेऊन आलात, असं काकू सगळ्यांना सांगायच्या. उरणच्या बाजूच्या, आयुष्यात कधी स्टेज न बघितलेल्या. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "मावशी, मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे." त्या म्हणाल्या, "मास्तर, मी होडीवरना बंदरावर हाक मारते. तुमची मागची रांग काय अलिबागला हाय?" सगळे हसले आणि तुम्ही वहीत ते वाक्य लिहून घेतलंत. आमी, तुमी, हाय, नाय, जसं त्या बोलायच्या तसंच तुम्ही नाटकात ठेवलंत. आधीच्या दोन वर्षी नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांनी अशुद्ध उच्चारांचे गुण कापले होते. तिसऱ्या वर्षीही तुम्ही एक अक्षर बदललं नाहीत. आज तशी भाषा ऐकली की लोक किती जिवंत म्हणतात. आमच्या गावची भाषा ऐकायला कुणी तिकीट काढेल असं आम्हालाच वाटत नव्हतं, ते तुम्हाला वाटलं.

स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या आठ दिवस आधी तुम्ही मला चौकट सरळ उभी आहे का ते बघायचा पितळी ओळंबा दिलात. तोपर्यंत मी सुतळीला मोठा बोल्ट बांधून काम भागवायचो. तुम्ही मुंबईला जाऊन, चार दुकानं फिरून तो आणला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "बोल्ट फार वेळ झुलत राहतो," म्हणालात. एवढंच. काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी तो खिशात टाकला आणि म्हटलं, "बोल्टनंही माझं कधी चुकलेलं नाही." तुम्ही "बरं" म्हणालात. सर, मी तसाच होतो. अजूनही फार बदललेलो नाही.

अंतिम फेरी घाटावर होती, दुपारचा प्रयोग. टेम्पो पळस्प्याला अडकला आणि आम्ही दोन तास उशिरा पोचलो. त्या थिएटरात पडदे ओढणारा एक म्हातारा होता. मी चौकट उभी करत होतो तेव्हा तो जवळ आला. त्याच्या हातात दोन लाकडी पाचरी होत्या.

"भाऊ, या स्टेजला पुढं उतार आहे," तो म्हणाला. "चौकटीखाली पुढनं पाचर मार. नाहीतर दार पुढं येतंय."

आम्ही सगळे कोकणातले, सपाट फरशीवर नाटक करणारे. उतार असलेलं स्टेज मी बघितलं नव्हतं. हे कबूल करायच्या ऐवजी मी त्याला म्हटलं, "बाबा, मला शिकवू नका. हे दार मी केलंय." त्यानं पाचरी फळीवर ठेवल्या आणि गेला. तुम्ही विंगेत उभे होता. तुम्ही ऐकलंत, मला माहीत आहे, कारण तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मग माझ्या खिशाकडे. ओळंबा खिशातच होता. तो बाहेर काढला असता तर त्या म्हाताऱ्याच्या देखत काढावा लागला असता. मी काढला नाही. दार लावून बघितलं, लागलं. पण मी ते पनवेलच्या दमट हवेत घासून बसवलेलं होतं, आणि वरच्या कोरड्या हवेत दोन तासांत लाकूड किती आकसतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

शेवटचा प्रसंग. तो पिशवी घेऊन जातो. मावशी दार ओढून घेतात, वळतात, चुलीकडे तीन पावलं येतात, बसतात. आता अंधार व्हायला हवा. आणि मला विंगेतून दिसतं की दार हललं. आवाज नाही, कारण बिजागऱ्यांना मी कंपनीतलं ग्रीस लावलं होतं. आधी एक बोट, मग चार बोटं, मग सावकाश, कुणी बाहेरून ढकलावं तसं पूर्ण उघडलं. दिव्यांवरचा माणूस तुमच्याकडे बघत होता आणि तुम्ही हात वर करून त्याला थांबवलेलं. मावशींची पाठ दाराकडे. पण समोरचं सगळं थिएटर त्यांच्या खांद्यावरून मागे बघतंय हे त्यांना कळलं. त्या वळल्या. उघड्या दाराकडे बघत राहिल्या. नाटकात नसलेलं एक वाक्य त्या बोलल्या, अगदी हळू, "आला का रं?" आणि मग, बाहेर कुणी नाही हे बघून, उठून दार लावायला गेल्या नाहीत. तशाच बसून राहिल्या. तेव्हा तुम्ही हात खाली केलात.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा मी भिंतीच्या मागे तोंड लपवून उभा होतो.

पहिलं बक्षीस आपलं. मुख्य परीक्षक मागे आले, तुमचा हात धरून म्हणाले, "ते दार! हे कसं सुचलं तुम्हाला?" तुम्ही माझ्याकडे वळलात. "नेपथ्य त्याचं आहे," म्हणालात, "त्यालाच विचारा." मी वर्षानुवर्षं विचार केलाय की तुम्ही तसं का म्हणालात. मला एक संधी देत होता, खरं बोलायची? का नुसतंच, ज्याचं काम त्याला विचारा म्हणून? परीक्षक माझ्याकडे बघत होते, वर्तमानपत्रवाला वही घेऊन उभा होता. मागे तो म्हातारा पडद्याची दोरी गुंडाळत होता. आणि मी म्हणालो, "मोजून केलंय साहेब. चौकट दोन सूत कलती ठेवलीय." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आकडा सांगितला की माणसं विश्वास ठेवतात. त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. परतीच्या टेम्पोत तुम्ही माझ्या शेजारीच बसलात, आणि घाट उतरेपर्यंत मावशींच्या नातवाच्या बारशाबद्दल बोलत होता.

त्यानंतर ती खोटी गोष्ट मला खरी करावी लागली. मी खरंच मोजमाप केलं. प्रत्येक थिएटरात चौकटीखाली पाचर मारून, ओळंबा सोडून, दार बरोबर अकरा सेकंदांत उघडेल असं बसवायला शिकलो. आठव्या प्रयोगाला नऊ सेकंद झाले तर मी जेवलो नव्हतो. लोक प्रयोगानंतर मागे येऊन दाराला हात लावून बघायचे. त्याच काळात तुम्हाला मुंबईच्या एका निर्मात्यानं बोलावलं. दोन महिन्यांत तुम्ही परत आलात. का परत आलात विचारलं तर म्हणालात, "तिथं जेवण वेळेवर मिळत नाही." खरं कारण मला तुमच्या या लाडक्याकडून कळलं. त्यांना मावशींच्या जागी नावाजलेली नटी हवी होती आणि आमची भाषा धुऊन हवी होती. तुम्ही पिशवी उचललीत आणि आलात. कुणाला सांगितलं नाहीत. मी असतो तर गावभर सांगितलं असतं.

साठाव्या प्रयोगानंतर भातगिरणीत तुम्ही सगळ्यांना बसवलंत. म्हणालात, "पुढच्या प्रयोगापासून दार बंद राहील. मूळ होतं तसं."

मी विचारलं, का.

"आई दार ओढते आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू होते, आता बघ, आता बघ. तिच्याकडे कुणी बघतच नाही रे. मुलगा गेलाय, आणि लोक बिजागरी बघतायत."

"लोक दारासाठीच येतात, सर. दार उघडलं नाही तर येतील कशाला? माझ्या दारासाठी येतात."

तुम्ही चष्मा काढलात. तुमचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या दारासाठी? ते तुझ्या माजानं उघडलं होतं. त्या माणसानं पाचर हातात आणून दिली होती. ती घेतली असतीस तर ते बंदच राहिलं असतं, आणि नाटक होतं तसं झालं असतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. कुठली पाचर, कुठला माणूस. पण मला वाटलं सगळ्यांना सगळं कळलं. मावशी म्हणाल्या, "मास्तर, जाऊ द्या ना. आपलाच पोर हाय." ते मला तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, तीन बिजागऱ्यांचे बारा स्क्रू काढले, खिशात टाकले, दार पाठीवर घेतलं आणि निघालो. तुम्ही मला थांबवलं नाहीत. गिरणीतून बाहेर पडताना मी खडूच्या रेघा तुडवत गेलो, भिंतीतून. काठी आपटली नाही.

तीन दिवसांनी प्रयोग होता. तुम्ही नुसती चौकट ठेवून केलात, दाराशिवाय. मग पुढच्या नाटकात चौकटही नव्हती. त्यापुढच्यांत काहीच नव्हतं, रिकामं स्टेज, एखादी खुर्ची. आता तुमच्यावर लेख येतात त्यात लिहिलेलं असतं की उत्तरायुष्यात त्यांनी नेपथ्याचा त्याग केला, रिकामा अवकाश ही त्यांची खूण झाली. शिबिरांत शिकवतात म्हणे. मी ते वाचतो आणि मला वाटतं, त्याग कसला, त्यांच्याकडे नेपथ्य करणारा माणूस राहिला नव्हता. मग वाटतं, हाही माझा माजच. तुम्हाला दुसरा सुतार मिळाला नसता का? पनवेलमध्ये सुतार कमी आहेत? तुम्ही बोलावलंच नाहीत कुणाला. यातलं खरं काय, ते विचारायला मी गेलो नाही, आणि तुम्ही सांगायला आला नाहीत. दहा वर्षं. तळ्यापासून माझं गाव सायकलनं पंचवीस मिनिटांवर होतं.

एक नाटक मात्र मी बघितलं, शेवटच्या रांगेत बसून, मध्यंतरात तोंड लपवून. त्यात एक मुलगी घरी येते आणि नसलेलं दार उघडते. तिचा हात मी बघत होतो. तीन फूट तीन इंच. आत आल्यावर तिनं दार मागे ओढून घेतलं, आणि सर, तिथं काही नव्हतं तरी ते लागलं. मला ते लागलेलं दिसलं. मी नाटक संपायच्या आधी उठलो.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. काकूंचा फोन आला. "ते खुणेनं काहीतरी विचारतात. सारखं दाराकडे बोट दाखवतात. मला वाटतं तुलाच बोलावतायत." मी म्हटलं, रविवारी येतो. काकू म्हणाल्या, "ये. रागावले नाहीत ते. कधीच नव्हते." त्या रविवारी मी ओव्हरटाइम घेतला. त्याच्या पुढच्या रविवारीही घेतला. कंपनीत कुणी सांगितलं नव्हतं. मी मागून घेतला. मंगळवारी तुम्ही गेलात. दाराकडे बोट दाखवून तुम्ही मला बोलावत होता, का खोलीचं दार लावा म्हणत होता, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

मी पोचलो तेव्हा तुमच्या अंगणात चार जण तिरडी बांधत होते. शिक्षक, नट, सगळी चांगली माणसं, पण एकालाही गाठ येत नव्हती. कामट्या वाकड्या बसल्या होत्या. मी त्यांच्या हातातून सुतळी घेतली, सगळं सोडलं आणि पहिल्यापासून बांधलं. माप घ्यावं लागलं नाही. पाच फूट सात इंच. यादीत न लिहिलेली वस्तू ती. काकूंनी दारातून बघितलं आणि आत गेल्या. कुणीतरी मागे म्हणालं, "कोण हो हा?" दुसरा म्हणाला, "तो नाही का, दारवाला."

याला आता सोळा वर्षं झाली. मावशीही गेल्या. काकू लेकीकडे असतात, त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. कंपनी मी सोडली. करंजाड्यात घराच्या खाली माझं वर्कशॉप आहे, नव्या टॉवरमधल्या घरांच्या किचनच्या ट्रॉल्या करतो. सगळी दारं आपोआप बंद होणारी, हळू, आवाज न करता. ग्राहकांना तेच हवं असतं.

रविवारी तो आला तो पेढे घेऊन. माझ्या पाया पडला. बायकोनं चहा केला, तो ओट्याला टेकून उभ्यानं प्यायला, जुना घरचा असल्यासारखा. मला तो आवडतो, सर, नाही असं नाही. तुमच्याबद्दल बोलताना त्याचे डोळे भरले, आणि ते डोळे मालिकेतले नव्हते.

"दादा, ते ओरिजिनल दार आहे का हो अजून?"

"गाव हललं तेव्हा मोडलं," मी म्हणालो. ते आमच्या पायाखालीच, वर्कशॉपमध्ये प्लायच्या मागे उभं होतं.

"हरकत नाही. तुम्ही नवीन करा. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणार नाही ते. अकरा सेकंद. मी आजही तरुण पोरांना सांगतो, अकरा सेकंद, मोजून."

"आणि दार उघडलं नाही तर?"

"म्हणजे?"

"सरांना ते बंद हवं होतं. शेवटी."

त्यानं कप खाली ठेवला. "मला आठवतंय, गिरणीत काहीतरी वाजलं होतं तुमचं. पण नक्की काय, ते आम्हाला कधी कळलंच नाही. सर त्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. बंद का हवं होतं?"

तिथं मी बोलायला हवं होतं. एवढंच सांगायचं होतं की ते दार चुकून उघडलं, चूक माझी, खोटं मी बोललो, आणि सरांनी बक्षीस, टाळ्या, लेख, सगळं हातात असताना साठ प्रयोगांनंतर ती चूक नाटकातून काढायला घेतली. तो हुशार आहे, त्याला कळलं असतं. त्यानं तुमचं नाटक तुम्हाला हवं होतं तसं केलं असतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर चमचा ठेवून तुम्ही जे मला दाखवलं होतं, ते मुंबईतल्या लोकांनी पहिल्यांदा बघितलं असतं. माझी बायको ट्रे घेऊन उभी होती. तिला मी लग्न ठरलं तेव्हा सांगितलेली पहिली गोष्ट दाराची होती.

"जाऊ दे," मी म्हणालो. "जुन्या गोष्टी."

"मग करताय ना?"

"नाही. मला आता जमणार नाही. हात थरथरतात." माझे हात थरथरत नाहीत. त्यानं ते बघितलं असणार.

तो म्हणाला, "बघा, मी जबरदस्ती नाही करणार. पण दार तर उघडावंच लागेल, दादा. नाहीतर मग मोटर बसवू. रिमोटवर होतं हल्ली." जाताना पुन्हा पाया पडला. गाडी वळेपर्यंत मी गेटला धरून उभा होतो.

म्हणजे माझ्या नाही म्हणण्यानं तुमचं काही भलं झालेलं नाही. दार उघडणारच आहे, रोज, मोटरनं, आणि लोक आता बघ म्हणत बिजागरीकडे बघणार आहेत. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. आज गुरुवार. चार दिवसांत मी तो लावलेला नाही, आणि हे लिहून झाल्यावर लावीन असं तुम्हाला लिहून देण्याइतका मी आता खोटा राहिलेलो नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाहीये, म्हणूनच एवढं तरी जमलं.

बायकोला वाटतं मी पैसे कमी वाटले म्हणून नाही म्हणालो. तसं नव्हतं, म्हणून त्यानं काय देऊ केलं होतं तेही नीट लिहितो. ते दार पुन्हा करायचं. पहिल्या पंचवीस प्रयोगांना सोबत जायचं. जाहिरातीत तुमच्या नावाखाली, तेवढ्याच अक्षरांत, माझं नाव. आणि प्रत्येक प्रयोगाच्या आधी पाच मिनिटं पडद्यापुढे उभं राहून लोकांना सांगायचं, की दाराची कल्पना मला कशी सुचली. तीन लाख रुपये.